पंधरा वर्षांचा आवाज

गेल्या दिवाळीत माझी धाकटी बहीण रायपूरहून चार दिवस माहेरी, म्हणजे गोंदियाला आली होती. आई-बाबा गेल्यानंतर माहेर म्हणजे आता मीच. दुपारची जेवणं आटोपली होती. माझ्या मुलीची मुलगी, वय वर्षं तेरा, कानात ती पांढरी बोंडं खुपसून झोपाळ्यावर बसली होती आणि पायानं ठेका धरत होती. बहिणीनं गंमत म्हणून तिच्या एका कानातलं बोंड काढून आपल्या कानाला लावलं. क्षणभर ऐकलं, आणि साठीच्या त्या बाईचा चेहरा असा काही उजळला की मी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. गाणं नाझिया हसनचं होतं. नातीला ते २०१२ सालच्या 'स्टुडंट ऑफ द इयर' या चित्रपटातल्या नव्या अवतारामुळे ठाऊक झालेलं. त्यातून मागं मागं जात तिनं मूळ गाणं शोधून काढलं होतं. ते गाणाऱ्या मुलीला जाऊन पाव शतक झालं, हे तिला माहीत नव्हतं.

बहिणीनं माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता हसली. त्या हसण्याचा अर्थ आम्हा दोघांनाच कळण्यासारखा होता. तो सांगायचा तर आधी त्या गाणारणीची गोष्ट सांगायला हवी.

नाझियाचा जन्म ३ एप्रिल १९६५चा, कराचीतला. वडील व्यापारी, आई समाजकार्यात. घर खाऊनपिऊन सुखी, शिकलेलं. बालपण थोडं कराचीत, थोडं लंडनमध्ये गेलं. संगीतकार सोहेल राणा पाकिस्तान टेलिव्हिजनवर लहान मुलांसाठी गाण्यांचा कार्यक्रम करीत, त्यात ही आणि तिचा धाकटा भाऊ झोहेब गात असत. घराण्याची तालीम, गंडाबंधन, पहाटेचा रियाज असं काही या मुलीच्या वाट्याला आलेलं नव्हतं. शाळेत जाणारी, हौसेनं गाणारी, गाता गाता पुस्तकाकडे वळणारी अशी ती मुलगी. अशा मुली आपल्याकडे दर गल्लीत एक तरी असते. आमच्या घरातही एक होती.

१९७९-८०च्या सुमारास मुंबईचे अभिनेते-निर्माते फिरोज खान 'कुर्बानी' हा चित्रपट काढत होते. लंडनमध्ये एका मेजवानीत त्यांची या मुलीशी गाठ पडली. तिचा आवाज ऐकून त्यांनी तिला बिद्दूकडे पाठवलं. हा बिद्दू मूळचा बंगळूरचा. गिटार घेऊन विलायतेला गेला, तिथे धडपडला आणि १९७४ साली कार्ल डग्लसच्या 'कुंग फू फायटिंग'चा निर्माता म्हणून जगभर नाव कमावून बसला. हिंदी गाण्यांशी त्याचा तोवर संबंध नव्हता. 'कुर्बानी'चं बाकी सगळं संगीत कल्याणजी-आनंदजींचं. बिद्दूकडे फक्त एक गाणं होतं. शब्द इंदीवरांचे. ते गाणं म्हणजे 'आप जैसा कोई'.

हे गाणं कसं तयार झालं ते सांगण्यासारखं आहे. मुंबईत त्या काळी मोठ्या दालनात डझनावारी वादक एकत्र बसत, मध्ये गायक उभा राही, आणि सगळं एका दमात मुद्रित होई. कुणाचा एक सूर चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. लंडनला २४ ट्रॅकची यंत्रणा होती. ढोल वेगळा, बास गिटार वेगळी, आवाज वेगळा असं टप्प्याटप्प्यानं मुद्रित करून नंतर सगळं एकमेकांवर चढवायचं. बिद्दूनं नाझियाकडून तीच ओळ पुन्हा गाऊन घेतली आणि एका आवाजावर दुसरा बसवला. एकच माणूस एकच ओळ दोनदा गायला तरी ती तंतोतंत सारखी होत नाही. केसाएवढा फरक पडतोच, आणि त्या फरकामुळे आवाजाला एक भरीवपणा येतो, जणू ती मुलगी आपल्याच सावलीबरोबर गाते आहे. मूळचा आवाज बारीक, किंचित नाकातला. त्यावर हा साज चढला आणि खाली घड्याळासारखा न चुकणारा ठेका.

'कुर्बानी' जून १९८०मध्ये आला. पडद्यावर झीनत अमान होती, पण थिएटरातून बाहेर पडणारी पोरं आवाजाबद्दल बोलत होती. पुढल्या वर्षी या गाण्यासाठी नाझियाला फिल्मफेअरचं पार्श्वगायिकेचं पारितोषिक मिळालं. इतक्या लहान वयात ते तोवर कुणालाच मिळालं नव्हतं. रेकॉर्डिंगच्या वेळी ती पंधराच्या उंबरठ्यावर होती.

मी तेव्हा गोंदियात बी.कॉम. करत होतो. गोंदिया अजून भंडारा जिल्ह्यातच होतं. स्वतंत्र जिल्हा व्हायला १९९९ उजाडावं लागलं. भातगिरण्यांचं, बिडीचं आणि रेल्वे जंक्शनचं गाव. हावडा-मुंबईची मोठी लाइन, शिवाय बालाघाट-जबलपूरकडे जाणारी छोटी लाइन. बाजारात हिंदी, घरात मराठी, खेड्यात पोवारी, असं तीन भाषांत आमचं रोजचं चाले. बाबा एका राइस मिलमध्ये मुनीम होते आणि संध्याकाळी भजनी मंडळात पेटी वाजवीत. घरात तुकडोजी महाराजांची भजनं, रेडिओवर भावगीतं आणि बुधवारी रात्री सिलोनवर बिनाका गीतमाला. बहीण दहावीला होती. तिचं जन्मसाल १९६५, म्हणजे नाझियाचंच.

त्या काळात पंधरा वर्षांच्या मुलीनं काय ऐकायचं, हा प्रश्न कुणाला पडत नसे. मराठीत बालगीतं होती, उत्तम होती. ती संपली की एकदम भावगीतं. मधली चार-पाच वर्षं कुणाच्याच खात्यावर जमा नव्हती. हिंदी चित्रपटांत सोळा वर्षांच्या नायिका होत्या, पण त्यांच्यासाठी गाणाऱ्या मोठ्या होत्या. १९७३ साली 'बॉबी' आला तेव्हा डिंपल सोळा वर्षांची होती आणि तिच्यासाठी गाणाऱ्या लताबाई चव्वेचाळीसच्या. लताबाईंच्या गळ्याची थोरवी अशी की ते अंतर कुणाला जाणवलं नाही. तरी ती एका थोर कलावतीनं केलेली सोळाव्या वर्षाची आठवण होती. नाझियाला आठवायचं काही नव्हतंच. ती त्या वयातच उभी होती. तिच्या आवाजात कसब कमी होतं, श्वास कुठे कुठे उथळ पडत होता, पण वय खरं होतं. माझ्यासारख्याला, एकोणीस वर्षांच्या शहाण्याला, त्या आवाजातले दोष तेवढे ऐकू आले. बहिणीला तो आपलाच आवाज वाटला.

मग १९८१ साली 'डिस्को दिवाने' आला. हा चित्रपट नव्हता, नुसताच अल्बम होता. आपल्याकडे चित्रपटाबाहेरचं गाणं म्हणजे भजन, गझल किंवा भावगीत. नायक नाही, नायिका नाही, कथा नाही, आणि तरीही दहा गाण्यांची एक तबकडी लोकांनी दुकानात जाऊन मागावी, हे नवीनच होतं. संगीत पुन्हा बिद्दूचं. या वेळी नाझियाबरोबर झोहेबही गायला. भाऊ आणि बहीण, दोघंही शाळकरी वयाची, एकाच घरातून उठून एकाच माइकपुढे उभी राहिलेली. हिंदुस्थानात आणि पाकिस्तानात तो अल्बम धडाक्यानं खपला आणि पुढे दूरदूरच्या देशांतही पोचला. कराचीत जन्मलेली मुलगी, बंगळूरचा संगीतकार, लंडनचा स्टुडिओ आणि मुंबईचं चित्रपटातलं यश, एवढ्या सगळ्यांतून फिरून ते गाणं आमच्या गावी आलं. बांगलादेशच्या युद्धाला तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती. पण पोरांना तिचा देश कुठला हे विचारावंसंही वाटलं नाही. तिचं वय त्यांना पुरेसं होतं.

आमच्या बाजारात एक रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. तिथे कॅसेट भरून मिळत. कोरी कॅसेट न्यायची, कागदावर गाण्यांची यादी द्यायची, दोन दिवसांनी जाऊन आणायची. बाबांनी त्या दिवाळीला मिलच्या बोनसमधून टू-इन-वन घेतला होता, अर्थातच भजनांसाठी. बहिणीनं भाऊबीजेच्या ओवाळणीत मी घातलेले पैसे जपून ठेवले आणि साठ मिनिटांची एक कॅसेट भरून आणली. दोन्ही बाजूंना नाझिया. जुन्या लोकांना आठवत असेल, कॅसेटच्या वरच्या कडेला प्लास्टिकची दोन इवली झाकणं असत. ती मोडून टाकली की त्या कॅसेटवर पुन्हा दुसरं काही भरता येत नसे. बहिणीनं ती केसातल्या पिनेनं मोडून टाकली होती. तिच्या दृष्टीनं तो कायमचा ठेवा होता.

पुढचं सांगायला मला आजही जड जातं. एके दिवशी ती आणि तिच्या दोन मैत्रिणी गच्चीवर कॅसेट लावून नाचत असताना शेजारच्या एका वडीलधाऱ्यांनी पाहिलं आणि बाबांच्या कानावर घातलं. बाबा गप्प झाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचा तो गप्पपणा पाहून मीच कर्तेपणा अंगावर घेतला. मी तेव्हा खांडेकर-कुसुमाग्रज वाचत होतो, कविता लिहीत होतो. त्या गाण्यांना थिल्लर म्हणण्याचा अधिकार मला आहे, असं मला वाटत होतं. मी ती कॅसेट उचलली, मोडलेल्या खिडक्यांवर चिकटपट्टी लावली आणि त्याच दुकानात नेऊन तिच्यावर भजनं भरून आणली. चिकटपट्टी लावली की मोडलेलं झाकणही फसतं, हे मला ठाऊक होतं. घरी येऊन ती कॅसेट जिथली तिथे ठेवली. बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. बहिणीनं एकदा ती लावली, थोडं ऐकलं, आणि काही बोलली नाही. गच्चीवरचा नाच बंद झाला. ती स्वतःही घरात गायची, तेही बंद झालं. अभ्यासाला लागली असा आम्ही अर्थ लावला.

तिकडे नाझियाची वाट मात्र कुणी अडवली नव्हती. निदान घरातून तरी नाही. १९८२ साली 'स्टार' चित्रपटासाठी तिनं आणि झोहेबनं गाणी दिली. चित्रपट पडला, गाणी राहिली. तिनं पडद्यावर यावं म्हणूनही विचारणा झाली होती. तिनं नकार दिला. १९८४ला 'यंग तरंग' आला, १९८७ला 'हॉटलाइन'. पाकिस्तानात तेव्हा जनरल झियांची लष्करी राजवट होती. मुलीनं पाश्चात्त्य ठेक्यावर गावं, हे सत्तेला आणि धर्ममार्तंडांना रुचणारं नव्हतं. तिच्या गाण्यांत चळवळीचा शब्दही नव्हता. एक मुलगी आनंदानं गाते आहे, एवढंच त्यांत होतं. पण कधी कधी तेवढंही पुष्कळ असतं. पुढे पाकिस्तानात पॉप बँडची मोठी लाट आली. तिची पहिली वाट या दोन भावंडांनी पाडली, हे तिथले लोक आजही मानतात.

गंमत अशी, की एवढ्या कीर्तीत ती गाण्याला आपलं सर्वस्व मानायला तयार नव्हती. लंडनच्या रिचमंड विद्यापीठातून तिनं व्यवसाय-व्यवस्थापन आणि अर्थशास्त्राची पदवी घेतली, पुढे लंडन विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतली. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाच्या कचेरीत राजकीय विभागात नोकरी केली. सकाळी वेळेवर जाऊन टेबलाशी बसणारी नोकरी. मी बँकेत सदतीस वर्षं काढली, म्हणून हे वाचलं तेव्हा मला विशेष वाटलं. टाळ्यांच्या कडकडाटातून उठून फायलीपुढे बसायला वेगळं धैर्य लागतं. आईचा समाजकार्याचा वारसाही तिनं सोडला नाही. गरीब मुलांसाठी, अमली पदार्थांच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांसाठी ती राबली, गाण्याच्या कमाईतला वाटा तिकडे वळवला. १९९२चा 'कॅमेरा कॅमेरा' हा अल्बम अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेशीच जोडलेला होता. तो तिचा शेवटचा. सत्ताविसाव्या वर्षी तिनं गाणं थांबवलं.

ज्या पोरांनी तिला डोक्यावर घेतलं होतं, ती बिघडतील अशी आम्हा मोठ्यांना धास्ती होती. त्यांची लाडकी गायिका स्वतः कायदा शिकत होती आणि पोरांना व्यसनापासून दूर राहा म्हणून सांगत होती. आम्हाला हे ठाऊक नव्हतं, कारण आम्ही ठेका ऐकून कॅसेट बंद केली होती.

१९९५ साली कराचीत तिचं लग्न झालं. १९९७ला मुलगा झाला. संसार फार काळ टिकला नाही, आणि त्यातच कर्करोगानं फुफ्फुसं पोखरायला सुरुवात केली. उपचार लंडनमध्ये झाले. पण १३ ऑगस्ट २००० रोजी, रविवारी, तिथेच ती गेली. वय अवघं पस्तीस. मुलगा तीन वर्षांचा होता. २००२ साली पाकिस्तान सरकारनं तिला मरणोत्तर 'प्राइड ऑफ परफॉर्मन्स' हा सन्मान दिला. तो स्वीकारायला तिची आई होती. इकडे बिद्दूनं तोवर हिंदी पॉपचा आणखी एक टप्पा गाठला होता. १९९५च्या अलीशा चिनॉयच्या 'मेड इन इंडिया'मागेही हाच माणूस होता. त्या अल्बमवर आपली मुलंमुली नाचली तेव्हा फारसं कुणी कॅसेट काढून घेतली नाही. पंधरा वर्षांत घरं तेवढी बदलली होती.

नाझिया गेली त्या आठवड्यात मी आमगावच्या शाखेत होतो. स्वातंत्र्यदिनाची सुट्टी उलटून गेलेली. दुपारी रोखीचा हिशेब जुळवत असताना बहिणीचा रायपूरहून एसटीडी फोन आला. नाझिया गेल्याचं तिनं सांगितलं, आणि तिचा आवाज भरून आला. आपल्याच वयाचं माणूस पस्तिशीत जातं तेव्हा जे वाटतं ते त्यात होतंच. मी कसाबसा अठरा वर्षांपूर्वीच्या त्या कॅसेटचा विषय काढला. चुकलो म्हणालो. तेव्हा तिनं मला जे सांगितलं ते मला आजवर कधी ठाऊक नव्हतं.

मी भरून आणलेली भजनं दुसऱ्या बाजूला थोडी कमी पडली होती. शेवटचं भजन संपल्यावर दुकानदारानं यंत्र थांबवलं. त्यापुढच्या फितीवर जुनं तसंच राहिलं होतं, जेमतेम चार मिनिटं. पहिल्याच दिवशी भजन संपल्यावर कॅसेट बंद करायला ती उठली, आणि तेवढ्यात नाझिया गाऊ लागली. तेव्हापासून लग्न होईपर्यंत, जवळजवळ पाच वर्षं, बाबा मिलमध्ये गेले की ती रोज दुपारी तीच बाजू लावत असे आणि सगळी भजनं शेवटपर्यंत ऐकत असे. पोरगी भक्तिमार्गाला लागली म्हणून आई बाबांना कौतुकानं सांगायची. बाबा ते मंडळात सांगायचे. ती चार मिनिटं आली की ती आवाज अगदी बारीक करायची आणि टू-इन-वनला कान लावून बसायची.

मला आधी हसू आलं, मग हसू थांबलं. पाच वर्षं, रोज, चार मिनिटांसाठी. आणि भजनंही तिला त्यामुळेच पाठ झाली, आजही येतात, हे तिनं वर सांगितलं. भजनांवर तिचा राग नव्हता. माझ्यावरही नव्हता म्हणाली. फक्त मी विचारलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

पुढे कितीदा तरी माझ्या मनात झोहेबचा विचार आला. त्याचं गाणं बहिणीइतकं गाजलं नाही, पण प्रत्येक अल्बमात तो तिच्या शेजारी उभा राहिला आणि ती गेल्यावर तिच्या नावानं सामाजिक कामाची संस्था उभी करण्यात पुढे झाला. भाऊ म्हणून असंही वागता येत होतं. त्यासाठी गाता येण्याची गरज नव्हती.

दिवाळीच्या त्या दुपारी नातीनं आपली दोन्ही बोंडं आजीच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या कानात घातली आणि आवाज वाढवला. झोपाळा हलू लागला. दोघींच्या पायांचा ठेका एक झाला. मला आतून काहीच ऐकू येत नव्हतं, नुसते चार पाय दिसत होते. मग मी, चौसष्टाव्या वर्षी, नातीला विचारलं की ते मोबाइलवर सगळ्यांना ऐकू येईल असं लावता येतं का. तिनं बोंडांची वायर काढली. घरभर तो पंधरा-सोळा वर्षांचा आवाज पसरला, किंचित नाकातला, कुठे कुठे श्वास उथळ पडणारा. या वेळी मी पूर्ण गाणं ऐकलं.